पत आणि पाणी

कळसूबाईच्या पायथ्यापासून जामखेडच्या माळापर्यंत अहिल्यानगर जिल्हा ओलांडायचा म्हटला, तर पुरा दिवस रस्त्यावर जातो. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. जुन्या पिढीच्या तोंडी तो अजूनही नुसता ‘नगर’ आहे. या एका दिवसात प्रवाशाच्या डोळ्यांपुढून जे सरकते, ते पाहून एकाच जिल्ह्यात अनेक देश पाहिल्याचा भास व्हावा. अकोले तालुक्यात भाताची खाचरे आणि धुक्यात बुडालेल्या आदिवासी वाड्या. संगमनेर मागे पडताच प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस, साखर कारखान्यांची धुराडी आणि महाविद्यालयांच्या इमारती. नगर शहरात कापड बाजार, दाळमंडई, आडते बाजार यांची गजबज. आणि तेथून पुढे पाथर्डी, जामखेडच्या बाजूला उघडे माळ, ज्वारी-तुरीची कोरडवाहू शिवारे आणि दिवाळी उलटताच कुलूप लागलेली घरे.

गरीब म्हणवल्या जाणाऱ्या देशांतून हिंडून आलेली माणसे एक अनुभव हमखास सांगतात. तेथे आळशी माणूस क्वचितच दिसतो. ढाक्याचा रिक्षावाला, नैरोबीच्या बाजारात भाजी मांडून बसणारी बाई, पाथर्डीचा ऊसतोड मजूर, यांच्याइतके कष्ट सुखवस्तू माणूस करीत नाही. मग एवढ्या कष्टांनंतरही वर्षाअखेरीस त्यांच्या हाती शून्य का उरते? हा प्रश्न घेऊन नगर जिल्ह्यातून प्रवास केला, तर त्याचे उत्तर या मातीतच सापडते. ते उत्तर व्यापारी घराण्यांना विशेष जवळचे वाटावे असे आहे, कारण ज्या शब्दावर त्यांचा सारा संसार उभा राहिला, त्याच शब्दाभोवती ते फिरते. तो शब्द म्हणजे ‘पत’.

पावसाचा हिशेब जुळत नाही

पहिल्या नजरेत वाटते की सारा खेळ पावसाचा असावा. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात, घाटघर आणि रतनवाडीकडे, पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो आणि तेवढाही दरवर्षी येईल याची शाश्वती नसते. तेव्हा पश्चिम श्रीमंत आणि पूर्व गरीब असायला हवी.

प्रत्यक्षात तसे नाही. जिथे आभाळ फाटते त्या डोंगरी वाड्यांतूनच उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी उतरतात. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळले आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या मळ्यांत गेले. पाऊस अकोल्याचा आणि ऊस खालच्या तालुक्यांचा, असा हा व्यवहार झाला. उलट नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव चारशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर सुखाने नांदते. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणाच्या हाती राहतो, याला अधिक महत्त्व आहे. पैशाचेही नेमके तसेच आहे.

लोटा-दोरीचे प्रवासी

नगर, श्रीरामपूर, कोपरगाव, पाथर्डी, जामखेड, या बाजारपेठांतील कितीतरी जैन घराण्यांचा कुलवृत्तान्त एका प्रवासाने सुरू होतो. मारवाडातून किंवा गुजरातेतून कोणी पूर्वज ‘लोटा-दोरी’ घेऊन निघाला, पायी, बैलगाडीने किंवा पुढे रेल्वेने दख्खनेत आला आणि एखाद्या गावी स्थिरावला. ही कथा घरोघर अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगताना बहुधा त्या पूर्वजाच्या कष्टांवर व काटकसरीवर भर दिला जातो.

कष्ट आणि काटकसर खरीच होती. परंतु ती तर ज्या गावात तो उतरला त्या गावच्या कुणब्यापाशीही होती. वाळवंटी मुलखातून दुष्काळी मुलखात आलेला हा तरुण पैशाने त्या कुणब्याहून फारसा वरचढ नसे. फरक होता तो वेगळ्या ठिकाणी. गावी उतरताच त्याला आपल्या गोतातील कोणाच्या तरी दुकानी पथारी पसरायला जागा मिळे. दिवसा तो गिऱ्हाईक पाही, रात्री दिव्याच्या उजेडात रोजमेळ आणि खतावणी लिहायला शिके. चार-सहा वर्षांनी तोच आप्त त्याला माल उधार देई आणि शेजारच्या गावी दुकान थाटून देई. पहिल्या वर्षी बुडाला तरी त्याच्यावर जप्ती येत नसे. दुसऱ्या वर्षी पुन्हा माल मिळे.

म्हणजे त्याच्या खिशात पैसा नव्हता, पण त्याच्या नावावर पत होती. कोणीतरी त्याच्यावर विश्वास टाकला, कसब शिकवले, परतफेडीला मुदत दिली आणि एकदा चुकण्याची सवलतही दिली. या चार गोष्टींना मिळून आजच्या भाषेत ‘संधी’ म्हणतात. ज्या कुणब्याला यांतील एकही गोष्ट मिळाली नाही, तो तितकेच राबूनही होता तिथेच राहिला.

कागद जळाले ते वर्ष

पत देणारा हात तारतो, तसा बुडवूही शकतो. याचा धडाही याच भूमीत लिहिला गेला आहे आणि तो व्यापारी समाजाने मोकळ्या मनाने वाचावा असा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पाहता पाहता नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा या भागांत पसरला. त्याचे रूप लक्षात घेण्याजोगे होते. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रसंग फार थोडे. जमावाला हवे होते ते कागद: कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. जिथे कागद मुकाट्याने हाती आले तिथे ते जाळून लोक बहुधा माघारी वळले. जळाली ती सावकाराची वही होती, आणि तिच्यावरचा राग म्हणजे मोडलेल्या विश्वासाचा राग होता.

हा विश्वास कसा मोडला? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्याच सुमारास फेरपाहणी होऊन अनेक तालुक्यांत शेतसारा वाढला. हा सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरावा लागे. पीक बुडाले तरी तारीख टळत नसे. सरकारचे देणे भागवण्यासाठी शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई.

त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. कर्जरोखा तीन वर्षांत कालबाह्य व्हावा, म्हणजे जुनी कर्जे माणसाच्या मानगुटीवर बसणार नाहीत, असा त्याचा हेतू. घडले उलटे. मुदत संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घेई; थकलेले व्याज त्यात मुद्दल होई आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज धावे. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नसे. दिवाणी कोर्टात तो हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि वडिलार्जित जमीन जाई.

या साखळीत सावकार एकटा दोषी नव्हता; सरकारचा सारा, कापसाचा बाजार आणि कोर्टाची रीत यांचाही वाटा होता. अनेक लहान सावकार स्वतःच शहरातल्या मोठ्या पेढीचे देणेकरी होते. सचोटीने वागलेली दुकानेही त्या वणव्यात होरपळली. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्या वहीने मारवाडातून आलेल्या तरुणाला उभे केले, तीच वही शेतकऱ्याच्या वाट्याला आली तेव्हा तिच्यातून मुदत, शिक्षण आणि चुकण्याची सवलत ही तिन्ही पाने गळालेली होती. उरले होते ते फक्त येणे. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. परंतु तोवर १८७६-७८ चा महादुष्काळ या मुलखावरून फिरून गेला होता.

लोणीची पेढी

कायदा सावकाराचा हात आवरू शकतो. पत निर्माण करू शकत नाही. ते काम दुसऱ्याच एका विचाराने केले आणि तो विचार फार लांबचा प्रवास करून नगर जिल्ह्यात आला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीतील खेड्यांत हेच दुःख होते. तिथला एक नगराध्यक्ष, फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझन, प्रथम श्रीमंतांकडून देणग्या घेऊन गरिबांना वाटीत असे. मदत संपली की गरिबी पुन्हा उभी राहते, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने गावातल्या गावात शेतकऱ्यांच्याच पतपेढ्या उभारल्या. एकेकटा शेतकरी बेभरवशाचा, पण एकमेकांना जन्मापासून ओळखणारे पन्नास शेतकरी एकमेकांना जामीन राहिले की त्यांना पत मिळते, हे त्याचे साधे गणित. या नमुन्यावर हिंदुस्थानात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

पुढे १९२३ मध्ये प्रवरेच्या काठी लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावाची सहकारी पतपेढी सुरू केली. थोडक्या शिक्षणाचा हा शेतकरी. पण सावकारी पाशाचे दुखणे कोठे आहे ते त्याला नेमके कळले होते. कालव्याचे पाणी आले होते, ऊस पिकत होता, परंतु तो ऊस कोणत्या भावाने जावा हे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. तेव्हा ऊस पिकवणाऱ्यांच्याच मालकीचा कारखाना काढावा, असे ठरले. गावोगाव हिंडून लहान लहान भाग गोळा करण्यात आले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पहिले अध्यक्षपद स्वीकारले, वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारातील जाणत्याने पाठबळ दिले आणि १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. सहकारी साखर कारखान्यांत आशियातील पहिला, अशी त्याची ओळख आहे. पुढे महाराष्ट्रात जे सहकारी कारखाने निघाले, त्यांनी हाच कित्ता गिरवला.

येथे पाणी, पीक आणि माणसे तीच होती. नवी होती ती पत, जी पुण्यातला अभ्यासक आणि लोणीचा शेतकरी एका टेबलाशी बसल्यामुळे उत्पन्न झाली. हीच वाट पुढे बांगलादेशात दिसली. १९७६ मध्ये जोब्रा नावाच्या खेड्यात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून अवघे २७ डॉलर कर्जाऊ दिले. बांबूची मोडे विणणाऱ्या बायका त्यामुळे व्यापाऱ्याच्या बांधील राहिल्या नाहीत. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस यांना व त्या बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्कम क्षुल्लक होती. आजवर कोणीही न दिलेली पत मोठी होती.

पाण्याची खतावणी

नगर शहराच्या जवळच असलेले हिवरे बाजार हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेले. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, दारूच्या भट्ट्या चालू आणि कमावती माणसे मुंबई-पुण्याच्या वाटेला लागलेली. १९८९ मध्ये वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार सरपंच झाले. राज्याची आदर्श गाव योजना पुढे त्या कामाला आधार ठरली. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, ओढ्यांवर बांध पडले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान ही बंधने गावाने आपणहून पत्करली.

व्यापाऱ्याला या गावात सर्वांत कौतुकाची वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. दरवर्षी पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, पिण्याला किती लागणार, जनावरांना किती, आणि उरलेल्या पाण्यात कोणते पीक परवडेल, याचा जमाखर्च उघडपणे वाचला जातो. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही. ऊस, केळी अशी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगणे, हा कोणत्याही जाणत्या पेढीचा पहिला धडा. हिवरे बाजारने तो भूजलाला लावला.

१९९५ मध्ये या गावात १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती; २०१० च्या सुमारास ती तीनवर आली. शहरात गेलेली कुटुंबे परतली, दुधाचा धंदा वाढला. पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. पाऊस मात्र पूर्वीइतकाच पडतो.

शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ मध्ये परतलेल्या अण्णा हजारे यांनी पाणलोटाचे काम उभे केले, तसेच १९८० मध्ये मंदिरात एक धान्य बँक सुरू केली. ज्याच्या घरी पिकले त्याने जमा करावे, ज्याचे बुडाले त्याने न्यावे आणि सुगीला परत करावे. अडीच्या दिवसांत पोत्याभर धान्यासाठी ज्याला सावकाराच्या पायरीवर जावे लागे, त्याची पत आता गावच राखू लागले.

बियाणे आणि औषध

अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे आदिवासी गाव. तेथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातली माणसे वारंवार आजारी पडू लागली, तेव्हा बाजारातल्या बियाण्यापेक्षा आपले जुने वाण बरे, असे त्यांच्या मनाने घेतले. भाताचे, वालाचे, भाज्यांचे गावठी वाण त्यांनी गोळा केले, सांभाळले आणि त्यांची बियाणे बँक उभी राहिली. बियाणे नेणाऱ्याने सुगीनंतर दुप्पट परत करावे, अशी तिची रीत. २०२० मध्ये ‘बीजमाता’ राहीबाईंनाही पद्मश्री मिळाली.

दुप्पट परतफेड हे शब्द ऐकून सावकारी आठवेल. पण हिशेब नीट पाहावा. एका मुठीच्या बियाण्यातून शेकडो मुठी पिकतात. त्यातल्या दोन परत करताना कोणी नागवला जात नाही, आणि दुसरी मूठ तिसऱ्या शेतकऱ्याच्या शेतात जाते. शिवाय संकरित बियाणे दर हंगामाला विकत घ्यावे लागते आणि त्यासाठी पहिली उधारी पेरणीआधीच चढते. गावठी बियाण्याने ती उधारीच टळते. कर्ज घेणाऱ्याच्या पिकातून परत करता येईल असे असावे, हा पतीपुरवठ्याचा मूळ नियम एका निरक्षर बाईने पुस्तकाविना ओळखला.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, तोच नियम औषधाच्या रूपाने भेटतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० मध्ये या दुष्काळी तालुक्यात स्थायिक झाले. दवाखाना काढून रोग्यांची वाट पाहिली तर मुले मरत राहतील, हे त्यांनी ओळखले. त्यांनी गावांना सांगितले की तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. निवडून आलेल्या बायकांत अनेक निरक्षर होत्या, दलित होत्या, टाकलेल्या होत्या. त्यांना बाळंतपण सुखरूप करणे, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, कुपोषण ओळखणे, कुष्ठरोगाची पहिली चिन्हे पाहणे हे सारे शिकवले गेले. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पाच वर्षांतच हा आकडा पन्नाशीच्या आसपास उतरला.

जामखेडचा हा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या पुस्तकात नोंदवला. १९७८ च्या अल्मा-आटा येथील आरोग्य परिषदेमागच्या विचाराला अशाच प्रयोगांचा आधार होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर शंभराहून अधिक देशांची माणसे जामखेडला शिकायला येऊन गेली आहेत. जिला गावात पाणवठ्यावरही जागा नव्हती, ती बाई परदेशी डॉक्टरांना आपले काम समजावून सांगते. तिच्यापाशी बुद्धी आधीही होती. ती वापरण्याइतका विश्वास कोणी दाखवला नव्हता.

उचल

ही यशाची ठिकाणे पाहून प्रवासी हरखून गेला, तरी पाथर्डीच्या बाजूला पोहोचताच त्याची पावले मंदावतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि लगतच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे एक ‘कोयता’ म्हणतात. माणसांची नव्हे, कोयत्यांची मोजदाद होते.

पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादम या जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. लग्न, आजारपण, घराची डागडुजी त्यातूनच निघते. मग चार-सहा महिने उसाच्या फडात राबून ती फेडायची. पहाटेच्या थंडीत तोडणी, डोक्यावर मोळ्या, पाचटाच्या कोपीत बिऱ्हाड आणि शाळा सुटलेली मुले. हंगाम लवकर आटोपला किंवा दुखणे आले, तर उचल फिटत नाही. बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

१८७५ पूर्वीच्या रोख्याशी या खात्याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. आणि वेदना अशी की, हा ऊस ज्या कारखान्यांत जातो त्यांपैकी अनेक कारखाने शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडवण्यासाठीच उभे राहिले. ज्यांना पत मिळाली ते बागायतदार मालक झाले. ज्यांना मिळाली नाही ते त्यांच्याच फडात ‘कोयता’ झाले. संधीचा दरवाजा काहींसाठी उघडला की तो सर्वांसाठी उघडला, असे मानण्याची चूक केवळ धनिक देशच करतात असे नाही. एकाच जिल्ह्यातले दोन तालुकेही करतात. उचल ही पत नव्हे. पत माणसाला उद्यासाठी मोकळे करते. उचल त्याचा उद्याच गहाण ठेवून घेते.

पेढीपुढचा प्रश्न

नगरच्या व्यापारी समाजाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया वकिली आणि स्वातंत्र्यलढ्यातून पुढे आले आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे पुत्र नवलमल यांनी माणसाने माणसाला ओढण्याच्या वाहनाला पर्याय म्हणून ऑटोरिक्षाचा ध्यास घेतला. दुसरे पुत्र हस्तीमल यांच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ मध्ये आली. कंपनीचा कारखाना नगरमध्ये होता. दूधवाला, फेरीवाला, शिक्षक यांना परवडणारी ती गाडी होती. घामाची वाट सोपी करणारे यंत्र माणसाच्या हाती देणे, हीसुद्धा पत देण्याचीच एक रीत होय. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीत १९०० मध्ये जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी १९९२ मध्ये नगरला देवलोकी गेले. त्यांच्या स्मरणार्थ समाजाने उभारलेल्या रुग्णालयात आज सर्व जातिधर्मांचे रुग्ण येतात.

आजच्या पेढीपुढचा प्रश्न मात्र देणगीच्या आकड्याहून मोठा आहे. पर्युषणात, दिवाळीत, वाढदिवसाला दान देणारी घरे पुष्कळ आहेत. त्या दानाला एक साधी कसोटी लावून पाहावी: ज्याला आज दिले, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा याच दारात यावे लागेल काय? यावे लागणार असेल तर त्याची भूक भागली, पण त्याची पत उभी राहिली नाही.

पत उभी करण्याचे मार्ग व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. दुकानातल्या हमालाच्या मुलाला पोते उचलायला न लावता गल्ल्यामागे बसवून हिशेब शिकवणे. कामावरच्या माणसाला अडचणीत दिलेली रक्कम त्याच्या पगारातून त्याला झेपेल अशा हप्त्यांनी, व्याजाविना वळती करणे आणि त्याची नोंद त्याच्या हातात देणे. लहान फेरीवाल्याला, बचत गटातल्या बाईला माल उधार देताना तिच्या विक्रीचा दिवस पाहून वसुलीचा दिवस ठरवणे. आडतीवर शेतकऱ्याच्या पट्टीतली प्रत्येक कपात त्याला वाचता येईल अशा अक्षरात लिहिणे. साखरेचा किंवा गुळाचा व्यापार असेल तर तो गोडवा ज्या कोयत्याने तोडला, त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करणे. यातले काहीही मोठ्या देणगीवाचून अडत नाही. ज्या पूर्वजाला अशीच वागणूक मिळाली म्हणून घराणे उभे राहिले, त्याच्या गोताबाहेरच्या माणसाला ती मिळावी, एवढाच याचा अर्थ.

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. राळेगणच्या धान्य बँकेत पहिला दिसतो, जामखेडच्या आरोग्यसेविकेपाशी दुसरा आणि तिसरा. चौथा, परंपरेने श्रेष्ठ मानलेला, नाण्यांनी मोजता येत नाही. सावकाराचा रोखा, मुकादमाची उचल, पावसाची हुलकावणी यांच्या भीतीत जगणाऱ्या माणसाला निर्भय करणे म्हणजे अभयदान. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिताना, या वहीतल्या किती खात्यांना आपल्याकडून अभय मिळाले, हेही एकदा मोजून पाहावे. तो आकडा वाढत गेला, तर पाथर्डीच्या वाटेवर दिवाळीनंतर कुलूप लागणारी घरे हळूहळू कमी होतील.